आधी कारखान्यातला कोपरा बघा, मग नवी पेठ

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून): आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बिलं, हिशेब, जीएसटी सगळं मी बघते. कारखान्यात विंडोज १० चा डेस्कटॉप आहे, आठ-नऊ वर्षांचा जुना. त्याला नेट नाही, वायफायही नाही. म्हणून बिलं पेनड्राइव्हवर घेते आणि रात्री घरी येऊन मुलीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवरून व्यापाऱ्यांना पाठवते. टॉवेलचे फोटो माझ्या फोनवर काढते, पण केबल लावली की नुसतं चार्जिंग होतं, संगणकावर काहीच दिसत नाही. घरी मुलगी माझ्याच हॉटस्पॉटवर अभ्यास करते, त्यामुळे रोजचे दीड जीबी दुपारीच संपतात. आता नवा फोन घ्यायचा ठरवलंय, पंधरा ते अठरा हजारांत. नवी पेठेतला दुकानदार म्हणाला, संगणकाला नीट जोडायचा असेल तर तीस हजारांच्या पुढचाच घ्या. मुलगी म्हणते, जुना आयफोन घे. कुठला घेऊ? सिम बदलू का? प्लॅन कुठला मारू? — एक वाचक, जुळे सोलापूर

ताई, नमस्कार.

पत्रात फोनबद्दल पुष्कळ लिहिलंय तुम्ही, पण माझं लक्ष अडलं ते पेनड्राइव्हवर. अक्कलकोट रोडला केलेलं बिल पर्समध्ये घालून जुळे सोलापूरला आणायचं आणि रात्री स्वयंपाक आटोपल्यावर व्यापाऱ्याला पाठवायचं, या हेलपाट्यावर नवा फोन हा उपाय नाही. आज तुमच्या हातात जो फोन आहे तोही हे काम करतो. दुकानात गेलं की सगळं उलटं सुरू होतं. आधी फोन पसंत करायचा, मग सिम, मग रिचार्ज, आणि घरी आल्यावर बघायचं की संगणकाला जोडतोय का. तुम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरू करा. संगणकाला काय काय जोडता येतं, तो ठेवलाय तिथे रेंज कुणाची येते, त्या कंपनीचा कुठला प्लॅन पुरतो, आणि मग या तिन्हींना चालेल तो फोन.

आधी केबलचं बघू, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

चार्जरबरोबर किंवा रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांत विजेच्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. अशी केबल तुम्ही तीस हजारांच्या फोनला लावा नाहीतर लाखाच्या, फोटो येणार नाहीत. फोनच्या डब्यात आलेली मूळ केबल शोधा. ती नसेल तर दुकानात ‘डेटा केबल’ असं स्पष्ट सांगून घ्या आणि तिथेच त्यांच्या संगणकाला लावून बघा.

केबल चांगली असूनही काही दिसत नसेल तर फोनने परवानगी दिलेली नसते. ते बरोबरच आहे म्हणा, नाहीतर एसटी स्टँडवर चार्जिंगला लावलेला फोन कुणीही रिकामा केला असता. केबल लावल्यावर आधी फोनचं लॉक काढा. मग स्क्रीन वरून खाली ओढा. तिथे ‘यूएसबीद्वारे चार्ज होत आहे’ अशा अर्थाची एक बारीक ओळ दिसेल, जिच्याकडे कुणीच बघत नाही. तिच्यावर टिचकी मारली की चार-पाच पर्याय उघडतात. त्यातला ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. आता संगणकावर तुमच्या फोनचं नाव येईल, आत डीसीआयएम नावाचा फोल्डर, त्याच्या आत कॅमेरा, आणि त्यात तुमचे सगळे टॉवेल.

एवढं करूनही जोडणी लागत-तुटत असेल तर मात्र कारण खास तुमच्या धंद्यातलं आहे. मागाच्या शेडमध्ये दिवसभर रुई उडते. ती फोनच्या चार्जिंगच्या खाचेत शिरते आणि दर वेळी पिन घालताना आत दाबली जाऊन तिचा घट्ट थर बसतो. पिन पूर्ण आत जात नाही. चार्जिंग कसंबसं होतं, डेटा तुटत राहतो, आणि माणूस म्हणतो फोन जुना झाला. फोन बंद करा, उजेडात धरा आणि लाकडी टूथपिकने हलक्या हाताने आतला थर उचकटून काढा. सुई, टाचणी, पिन काही घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात. निम्म्या ‘पोर्ट गेलाय’वाल्या फोनमधून असा कापसाचा गोळाच निघतो.

आता नेट. डेस्कटॉपला वायफाय नाही म्हणून त्याला तुमचा हॉटस्पॉट दिसत नाही, बरोबर. पण त्याच डेटा केबलने नेटही देता येतं. फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटचं जे पान आहे, तिथेच खाली ‘यूएसबी टेदरिंग’ असं बटण असतं. केबल लावलेली असेल तरच ते दाबता येतं, एरवी पुसट दिसतं. दाबलं की विंडोजला वाटतं लॅनची वायर लागली, आणि थोड्या वेळात नेट सुरू. पहिल्यांदा संगणक ड्रायव्हर बसवायला जरा वेळ घेईल, घेऊ द्या. यात फोन चार्जही होत राहतो आणि हॉटस्पॉटचा पासवर्ड अख्ख्या कारखान्याला पाठ होत नाही, हा वेगळा फायदा. म्हणजे पेनड्राइव्हचा हेलपाटा उद्यापासून बंद.

पण नेट सुरू झालं की पहिल्या पाच मिनिटांत एक काम करा. त्या संगणकाला इतकी वर्षं नेट मिळालेलं नाही. ते मिळताच विंडोज साचलेले अपडेट ओढायला लागेल आणि तुमचा दिवसाचा डेटा चहा यायच्या आत संपेल. संगणकाला कळत नाही की हे नेट मोजून मिळणारं आहे, त्याला ते सांगावं लागतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या पानावर जोडणीचे गुणधर्म उघडले की ‘मीटर्ड कनेक्शन’ असा खटका सापडतो, तो चालू करा. घरी मुलीच्या लॅपटॉपवर तुमच्या हॉटस्पॉटसाठीही हेच करा. तुमचे दीड जीबी अभ्यासाने संपतात असं तुम्हाला वाटतंय, पण मला शंका आहे ती मागे गुपचूप चाललेल्या अपडेटची आणि वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) चढणाऱ्या फायलींची. अर्थात मुलीचे वर्ग व्हिडिओवर असतील तर तोही खर्च मोठाच. चांगल्या चित्राचा व्हिडिओ कॉल तासाला एखादा जीबी सहज खातो.

इथेच एक नको असलेली गोष्टही सांगतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नावनोंदणी केली तर घरगुती संगणकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची वाढीव मुदत आहे, बस. तुमचा डेस्कटॉप आजवर नेटवर नव्हता म्हणून सुरक्षित होता. आता तुम्ही त्याला नेट देणार, त्यावर बँक उघडणार, जीएसटी भरणार. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आठ-नऊ वर्षांचा संगणक यात बहुधा बसत नाही. म्हणून माझं मत असं की सगळे अठरा हजार फोनमध्ये घालू नका. बारा-तेरा हजारांच्या आसपासचा फोन तुमचं सगळं काम करील. उरलेले पैसे बाजूला ठेवा, त्यात थोडी भर घाला आणि कंपन्यांमधून निघालेला, आठव्या पिढीच्या पुढचा, वायफाय आणि एसएसडी असलेला वापरलेला डेस्कटॉप बघा. तोवर वाढीव मुदतीची नोंदणी करून ठेवा, आणि बँकेचं काम घरच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवरच करा. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप पेनड्राइव्हवर घेत राहा, त्या पेनड्राइव्हला एवढं काम राहू द्या.

आता रेंज. कारखान्याचं छप्पर पत्र्याचं असेल तर बाहेर पाच दांड्या आणि टेबलापाशी एक, हे तुम्ही अनुभवलंच असेल. पत्रा लहरी अडवतो. त्यातही जितकी फ्रीक्वेन्सी जास्त तितकी आत शिरायला नाखूश. फाइव्ह-जी मुख्यतः ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं तो वेगवान आहे पण भिंतीपाशी दमतो. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा खोलवर जातो, आणि खासगी कंपन्यांत तो जिओकडेच आहे. याचा अर्थ जिओच घ्या असा नाही. टॉवर कुणाचा जवळ आहे आणि त्यावर गर्दी किती, यावर सगळं ठरतं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत संध्याकाळी होम मैदानावर उभं राहून फोन बघा, दांड्या सगळ्या असतात आणि साधा फोटो जात नाही. एमआयडीसीत ती परिस्थिती दुपारी असते की नाही, हे कुठल्या जाहिरातीवरून कळणार नाही.

ते कळायची पद्धत अगदी सोपी आहे. कामगारांपैकी, शेजारच्या कारखान्यातल्यांपैकी वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं कुणाकुणाकडे असतातच. सकाळी अकराच्या सुमाराला आणि पुन्हा दुपारी चारला, एकेकाचा फोन तुमच्या संगणकाच्या टेबलावर, अगदी टेबलावर, ठेवा आणि वेग मोजा. दूरसंचार नियामक ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप आहे, ते चालेल. उतरण्याचा वेग सगळेच बघतात, तुम्ही चढण्याचा बघा, कारण तुम्हाला बिलं आणि फोटो पाठवायचेत. हेच घरी जुळे सोलापुरात करा. दोन्ही ठिकाणी एकच कंपनी जिंकेल असं नाही, आणि जिंकली नाही तरी बिघडत नाही. फोनमध्ये दोन सिमं असतात ती यासाठीच.

दोन सिमांची एक खोड मात्र माहीत असू द्या. साध्या फोनमध्ये एका सिमवर नेट चालू असताना दुसऱ्या सिमवर कॉल आला आणि तुम्ही उचललात, की पहिल्या सिमचं नेट कॉल संपेपर्यंत थांबतं. संगणकावरून तुम्ही रिटर्न चढवताय आणि इकडे सुताच्या व्यापाऱ्याने वीस मिनिटं भावाची घासाघीस केली, तर पोर्टल तुम्हाला बाहेर काढतं. काही फोनमध्ये कॉलच्या वेळी डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेण्याची सोय असते, ती सिम सेटिंग्जमध्ये चालू करून ठेवा.

यातूनच मला तुमच्यासाठी एक वेगळी मांडणी सुचते. नवा फोन तुमच्या पर्समध्ये, आणि आत्ताचा जुना फोन कारखान्यात, संगणकाच्या शेजारी, तिथे ज्याची रेंज चांगली त्या कंपनीचं सिम घालून. तो फक्त संगणकाला नेट देईल. कॉल त्यावर येणारच नाहीत. फक्त रात्री कारखाना बंद करताना केबल काढून ठेवा, आणि एप्रिल-मेमध्ये तो पत्र्याखाली खिडकीच्या उन्हात ठेवू नका. सोलापूरचा उन्हाळा, वर चार्जिंग, वर चालू नेट, एवढ्या उष्णतेत फोन आधी मंदावतो, मग चार्जिंग थांबवतो, आणि वर्षभर असंच चाललं तर बॅटरी फुगते. पाठीमागचं झाकण उचललेलं दिसलं तर त्या दिवशीच तो फोन बाजूला काढायचा. कायमची सोय हवी असेल तर सिम घालायचा फोर-जी राउटर मिळतो, तो या कामासाठीच बनवलेला असतो आणि त्याला बॅटरीचं दुखणं नाही.

प्लॅनचं आता सोपं होतं. मराठी माणूस महिना ३० दिवसांचा धरतो, रिचार्ज २८ दिवसांचा असतो. वर्षाला बाराऐवजी तेरा वेळा पैसे जातात. ८४ दिवसांचे चार मारले तरी ३३६ च दिवस होतात, २९ दिवस उघडे राहतात. ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येणारा प्लॅन ठेवायला लावलं, पण दुकानदार तो आपणहून दाखवत नाही. कुठलाही प्लॅन समोर आला की किमतीला दिवसांनी भागा, मगच दुसऱ्याशी तुलना करा.

दिवसाला अमुक जीबी हा प्रकार फोनसाठी ठीक आहे, संगणकासाठी गैरसोयीचा. संगणकाचं काम रोज सारखं नसतं. एखाद्या दिवशी तीन बिलं, आणि जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आधी मात्र सगळंच एकदम. न वापरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री बाराला संपतो. वापरून संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. या वेगाने पाच एमबीची पीडीएफ पाठवायला दहा मिनिटांच्या वर लागतात, तीही मध्ये तुटली नाही तर. म्हणून कारखान्यातल्या सिमवर रोजच्या कोट्याऐवजी पूर्ण मुदतीसाठी एकगठ्ठा डेटा देणारा प्लॅन घ्या. नुसत्या बिलांना आणि रिटर्नला फार डेटा लागत नाही, मीटर्डचा खटका चालू असेल तर थोडक्यात भागतं.

तुमच्या स्वतःच्या नंबरचं गणित वेगळं. नव्या फाइव्ह-जी फोनमध्ये तुम्ही आताचाच दीड जीबीचा प्लॅन चालू ठेवलात, तर ज्यासाठी फोन घेतला ते मिळणारच नाही. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेलचं अमर्याद फाइव्ह-जी साधारणपणे रोज दोन जीबीच्या किंवा त्यावरच्या प्लॅनवरच येतं. आणि अमर्याद ते फोन फाइव्ह-जीवर असेपर्यंतच. घराच्या आतल्या खोलीत फोन फोर-जीवर घसरला की रोजचा कोटा संपायला लागतो. मुलगी आतल्या खोलीत अभ्यासाला बसत असेल तर फोन तिच्या टेबलावर नको, गॅलरीच्या बाजूला ठेवा.

खरं तर घरी तुमच्या गल्लीत फायबर आलेलं असेल तर तेच घ्या. मुलीचं शिक्षण तुमच्या पर्समधल्या फोनवर चालवणं दोघींना जाच आहे. तुम्ही बाजारात गेलात की तिचा वर्ग बंद. फायबर आलं की तुमच्या फोनचा प्लॅन लहान करता येतो, आणि पैशांचा फरक बराचसा तिथेच भरून निघतो. लाइट गेली की राउटर बंद पडतो, त्याला छोटा यूपीएस मिळतो. तेवढ्या वेळापुरता मोबाइल आहेच.

सिम बदलायचं म्हणता. रेंजच्या परीक्षेत तुमची कंपनी घरी आणि कारखान्यात दोन्हीकडे नापास झाली तरच पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला. १९०० ला पोर्टचा एसएमएस पाठवला की कोड येतो, तो चार दिवस चालतो. अट एवढीच की त्या कंपनीकडे निदान ९० दिवस झालेले हवेत आणि बिलाची थकबाकी नको. पण जीएसटी आणि बँकेला जोडलेला नंबर असेल तर तारखा बघून हात घाला. साधं जुनं सिम बदलून नवं घेतलं किंवा ई-सिम केलं, तरी सुरक्षेसाठी २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात. म्हणजे ओटीपी नाही. १९ तारखेला सिम बदलून २० ला रिटर्न भरायला बसलेली माणसं मी पाहिलीत, त्यांचा चेहरा सांगण्यासारखा नसतो. तुमच्या मिस्टरांच्या नंबरवर बँक असेल आणि ते नेट वापरत नसतील, तर जानेवारी २०२५ पासून नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅनही आलेत, त्यांना तो पुरेल.

आता फोन. दुकानात मुलगा सांगेल, ‘घ्या की अक्का, सोळा जीबी रॅम हाय.’ डब्यावर ‘८ + ८’ असं छापलेलं असतं. त्यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ फोनच्या साठवणीतून उसने घेतलेले, त्यांना मोजू नका. १०८ मेगापिक्सेलचंही मनावर घेऊ नका, टॉवेलचा फोटो दिवसाउजेडी सावलीत काढला तर कुठल्याही बऱ्या फोनवर रंग नीट येतो. ट्यूबलाइटखाली काढला तर लाखाच्या फोनवरही मरून रंग चॉकलेटी दिसतो, आणि मग व्यापारी माल आल्यावर भांडतो.

तुम्ही विचारायचं ते वेगळंच. हॉटस्पॉट ५ गीगाहर्ट्झवर देतो का? मुलीच्या लॅपटॉपला तो फार फरक पाडतो. फाइव्ह-जीमध्ये एन २८ (वर सांगितलेला ७०० मेगाहर्ट्झचा) आणि एन ७८ (३३०० चा) हे दोन्ही पट्टे आहेत का, आणि स्टँडअलोन, म्हणजे फोर-जीच्या आधाराशिवायचं, फाइव्ह-जी चालतं का? जिओचं फाइव्ह-जी स्टँडअलोन पद्धतीचं आहे, त्याच्याशिवाय तो फोन जिओवर फोर-जीच राहील. सुरक्षा अपडेट किती वर्षं? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि याच प्रश्नावर दुकानात सगळे इकडेतिकडे बघतात. काही कंपन्या स्वस्त फोनलाही बरीच वर्षं देतात, सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ फाइव्ह-जीला सहा वर्षं जाहीर केली होती. तीन वर्षांपेक्षा कमी सांगितलं तर पुढचा फोन बघा. साठवण १२८ जीबी तरी हवीच.

दुकानदार तीस हजारांचं म्हणाला त्यात एक अर्धा मुद्दा खरा आहे. महागड्या फोनच्या टाइप-सी खाचेत यूएसबी ३ असतं, स्वस्तात यूएसबी २. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण यूएसबी २ नेही दहा जीबी फोटो पाच-सहा मिनिटांत उतरतात. तुम्ही काही लग्नाचं शूटिंग करत नाही. त्या पाच मिनिटांसाठी पंधरा हजार जास्त देण्यात अर्थ नाही.

केबलशिवायही काम होतं. गुगलचं क्विक शेअर विंडोजसाठी मोफत मिळतं, फोन आणि लॅपटॉप जवळ असले की फाइल सरळ जाते, नेट खर्च होत नाही. व्हॉट्सॲपवरून फोटो संगणकावर घेण्याची सवय असेल तर ती सोडा किंवा निदान ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर टॉवेलची वीण पुसट होते. मायक्रोसॉफ्टचं फोन लिंक लॅपटॉपवर लावलंत तर फोनचे एसएमएस, सूचना आणि ताजे फोटो तिथेच दिसतात. ब्लूटूथ असेल तर कॉलही घेता येतो. सॅमसंगसारख्या काही कंपन्यांच्या निवडक फोनवर फोनची अख्खी स्क्रीन लॅपटॉपवर चालवता येते. घरी हे जरूर वापरा. कारखान्यातल्या संगणकावर मात्र नको. तुम्ही बाहेर गेलात आणि ओटीपी त्या पडद्यावर झळकला, तर तो समोर बसलेल्या कुणालाही वाचता येतो.

मुलीच्या आयफोनचं. तिला सांगा, आयफोन आणि विंडोज यांचं भांडण नाही, पण सख्यही नाही. एअरड्रॉप ही ॲपलची फाइल पाठवायची सोय विंडोजवर नाही. फोटो एचईआयसी प्रकारात निघतात, ते जुन्या डेस्कटॉपवर उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की हे मिटतं. फोन लिंक आयफोनलाही जोडतं, पण अँड्रॉइडइतकं नाही. तुमच्या पैशांत येणारा आयफोन इतका जुना असेल की बॅटरी दमलेली आणि अपडेट थोडेच उरलेले. मी घेणार नाही. कुठलाही वापरलेला फोन घ्यायचाच झाला, तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि KYM, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. चोरीचा म्हणून अडवलेला असेल तर तिथे कळतं. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही बघता येतं. पैसे देण्याआधी, नंतर नव्हे.

खरेदीला जाताना मुलीचा लॅपटॉप बरोबर न्या. फोन घेण्याआधी दुकानातच केबल लावा, फाइल ट्रान्सफर करून एक फोटो उतरवा, टेदरिंग चालू करून एक पान उघडा. बिल कारखान्याच्या नावाने, जीएसटी नंबर घालून घ्या. फोनवर १८ टक्के जीएसटी असतो, तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत) नसाल आणि फोन धंद्यासाठी असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळू शकतं, तुमच्या सीएंना एकदा विचारून घ्या. आणि ‘जोडून बघायला डेमो पीस नाही’ म्हणाले तर सरळ बाहेर या, नवी पेठेत मोबाइलच्या दुकानांना काय तोटा आहे.